तीरकामठा रक्तात नसतो

लोणावळा, कामशेत, पवनानगर या पट्ट्यातल्या रिसॉर्टांत आणि साहस शिबिरांत आता तिरंदाजीचा एक कोपरा हमखास असतो. एक रंगीत चकती, फायबरची दोन-चार धनुष्यं, बोथट टोकाचे बाण. सुट्टीच्या दिवशी तिथे जरा वेळ थांबलं की एक वाक्य कानावर पडतंच: हे आदिवासींच्या रक्तात असतं, शहरातल्या माणसाचं हे काम नाही. धनुष्य घडवण्यालाही हेच वाक्य लावलं जातं. डोंगरातला कातकरी किंवा ठाकर कोयता घेतो, बांबू फोडतो आणि बघता बघता तीरकामठा करून हातात देतो. ही उपजत देणगी आहे, ती शिकून येत नाही, असं मोठ्या कौतुकाने सांगितलं जातं.

हे कौतुक चुकीचं आहे, आणि त्याची किंमत दोन माणसांना मोजावी लागते. ज्याला स्वतःच्या हाताने लाकडी धनुष्य करून पाहायचं असतं, तो या वाक्याने पहिल्याच पायरीवरून मागे फिरतो. आणि ज्याला ते करता येतं, त्याच्या कसबाला कुणी कसब म्हणत नाही. रक्तातल्या गोष्टीची मजुरी कोण देतो? ती तर फुकटच आलेली, असं देणाऱ्याने मनात धरलेलं असतं.

रक्तातलं असतं तर ते हरवलं नसतं, ही या समजुतीविरुद्धची सर्वांत सोपी साक्ष. मावळातल्या वाड्यांवर पंचविशीतल्या पोरांना तीरकामठा करता येतो का, हे विचारून पाहावं. ‘आजा करायचा’ हे उत्तर तिथे नवं नाही. आजा आणि नातू यांचं रक्त एकच. मधल्या काळात बदललं ते जगणं. कातकऱ्यांचा मूळ धंदा खैरापासून कात पाडण्याचा. जंगलाचे कायदे आले तशा कातभट्ट्या विझल्या आणि माणसं कोळशाच्या भट्ट्यांवर, मग वीटभट्ट्यांवर गेली. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना सरकार आदिम जमाती मानतं, त्या कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यातली कातकरी कुटुंबं आजही दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीवर घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. बांबू तोडायचा, फोडायचा, वाळवायचा आणि त्याचा कामठा करायचा हंगामही नेमका तोच, दिवाळी ते वैशाख. ज्या महिन्यांत आज्याने नातवाला शेजारी बसवून दाखवायचं, त्या महिन्यांत दोघंही चिखल तुडवत असतात. विद्या तुटली ती अशी, हंगामाच्या जागी. रक्ताचा त्यात काही संबंध नाही.

जुन्यातली जुनी साक्षही श्रमाचीच निघते. १९९१ साली ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवर आल्प्सच्या बर्फात एक माणूस सापडला, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा. जग त्याला ओत्झी म्हणून ओळखतं. त्याच्याजवळ यू नावाच्या झाडाचं १.८२ मीटर लांबीचं धनुष्य होतं, पण ते पुरं झालेलं नव्हतं. धनुष्याच्या अंगभर कुऱ्हाडीच्या टवक्यांचे वण तसेच होते. भात्यात चौदा बाणांच्या काड्या होत्या आणि त्यांतले दोनच बाण तयार होते. ज्या काळात धनुष्य गरजेची वस्तू होती, त्या काळातही ते तासावं लागत होतं, मध्येच थांबून पुन्हा हाती घ्यावं लागत होतं, आणि मरणाच्या दिवसापर्यंत ते अर्धंच राहू शकत होतं.

त्याहून बोलकं उदाहरण इशीचं. १९११ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावात ‘याही’ नावाच्या जमातीचा अखेरचा माणूस डोंगरातून खाली आला. त्याची सगळी माणसं मारली गेली होती किंवा मेली होती. सॅन फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात त्याला ठेवलं गेलं. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयात सॅक्स्टन पोप नावाचा शल्यचिकित्सक शिकवत होता. पस्तिशी उलटलेला हा डॉक्टर इशीजवळ बसून धनुष्य करायला शिकला: लाकूड कसं निवडायचं, कसं वाळवायचं, कसं खरवडायचं, पाठीवर तात कशी चिकटवायची. १९१६ साली इशी क्षयाने गेला. पोपने १९१८ मध्ये याहींच्या धनुर्विद्येवर अभ्यास छापला आणि १९२३ मध्ये धनुष्यबाणावर जे पुस्तक लिहिलं, त्यातून अमेरिकेत लाकडी धनुष्य घडवण्याची आवड पुन्हा उभी राहिली. इशीच्या जमातीचं माणूस उरलं नव्हतं. त्याचं कसब उरलं, कारण त्याने ते दाखवलं आणि दुसऱ्याने मन लावून पाहिलं.

नेम धरण्याच्या बाबतीत तर हा भ्रम महाराष्ट्रानेच मोडून काढला आहे. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंड प्रकारात साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी वैयक्तिक विश्वविजेते झाले. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्याकडे, उसाच्या रानात उभ्या केलेल्या अकादमीत घडले. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव क्रीडा प्रबोधिनीत आला तो धावपटू म्हणून. तिथे त्याला तिरंदाजीकडे वळवलं गेलं आणि तो टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोचला. राजस्थानचा तिरंदाज लिंबाराम आदिवासी पाड्यावरून आला, हे खरं. ‘यांच्यात उपजतच असतं’ म्हणताना त्याचंच नाव पुढे केलं जातं. पण १९८७ साली निवड झाल्यावर त्याने महिनोन् महिने शिबिरात जी मेहनत केली, ती या कौतुकात गाळली जाते.

एकलव्यालाही याच कामाला जुंपलं जातं, आणि तो तर उलट बाजूचा साक्षीदार आहे. द्रोणांनी त्याला जन्म पाहून नाकारलं. त्याने मातीच्या मूर्तीपुढे सराव करून विद्या मिळवली. जन्मावर विद्या ठरत नाही, हे त्या कथेइतकं ठळक दुसरीकडे कुठे सांगितलेलं नाही. भिल्ल अंगठा न लावता दोरी ओढतात ते एकलव्याच्या आठवणीने, असं पुष्कळ जण श्रद्धेने सांगतात. श्रद्धेचा मान ठेवूनही वस्तुस्थिती नोंदवायला हवी: साधं लाकडी धनुष्य जगात बहुतेक ठिकाणी बोटांनीच ओढतात, आणि ऑलिंपिकमधले रिकर्व्ह धनुर्धरही तसंच ओढतात. अंगठ्याने ओढण्याची रीत प्रामुख्याने मध्य आशियातल्या शिंगाच्या धनुष्यांबरोबरची, अंगठ्यात कडं घालून.

लोणावळ्याला तर हा वाद नवा वाटू नये. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी याच गावात कैवल्यधाम स्थापन केलं. योग ही सिद्धांची गोष्ट, गुरूच्या कृपेवाचून ती कळत नाही, असं मानलं जात असताना त्यांनी आसनं आणि प्राणायाम मापनयंत्रांपुढे आणले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू करून मोजमापं छापली. गुरूचा मान त्यामुळे कमी झाला नाही. विद्या मोजता आली, तपासता आली, म्हणून ती जास्त लोकांपर्यंत गेली. शंभर वर्षांपूर्वी योगाच्या बाबतीत जे धैर्य या गावाने दाखवलं, ते तीरकामठ्याच्या बाबतीत दाखवायला काय हरकत आहे?

रक्ताच्या समजुतीला एक जुळं भावंड आहे: त्यात शिकण्यासारखं आहेच काय, काठी वाकवली, दोरी बांधली, झालं धनुष्य. वरवर पाहता ही दोन मतं एकमेकांच्या विरुद्ध. एकाच्या मते ते अशक्य, दुसऱ्याच्या मते क्षुल्लक. निष्पत्ती मात्र एकच: करणाऱ्याचं ज्ञान शून्य धरायचं.

वाकवलेली काठी आणि धनुष्य यांतलं अंतर गणितात सांगता येतं. पट्टीचा ताठपणा तिच्या रुंदीच्या प्रमाणात बदलतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. रुंदी दहा टक्क्यांनी उतरवली तर ताठपणा दहा टक्के कमी होतो. जाडी दहा टक्क्यांनी उतरवली तर तब्बल सत्तावीस टक्के. म्हणजे सेंटीमीटरभर जाडीच्या कामटीवर एका जागी एक मिलिमीटर जादा खरवडला, तर ती जागा शेजारच्या जागेपेक्षा पाव हिश्शाने लुळी पडते. धनुष्य ओढल्यावर सगळा वाक तिथेच गोळा होतो, आणि काही दिवसांत ते तिथेच मोडतं. ही चूक उघड्या डोळ्यांना कामटी सपाट धरली असता दिसतही नाही. वाकवल्यावरच दिसते. पाच मिनिटांत कामठा करून देणारा कारागीर हे गणित कागदावर मांडत नाही, पण त्याचा हात ते पाळतो. तो हात तसा व्हायला किती कामठे मोडले असतील, याची चौकशी कौतुक करणारा कधी करत नाही.

त्या हाताचं काम जवळून पाहण्यासारखं असतं. बांबूची फोडलेली, वाळलेली कामटी, छातीइतकी किंवा त्याहून थोडी जास्त उंच. बाहेरची हिरवट-पिवळी साल धनुर्धरापासून दूर, पाठीच्या बाजूला. तिला हात लावायचा नाही, कारण बांबूच्या तंतूंची दाटी सालीलगत सर्वांत जास्त असते आणि ओढताना ताण सगळा तिथेच येतो. जे काही काढायचं ते पोटाकडून, आतल्या मऊसर बाजूने. मधली मूठ जाड राहू द्यायची, दोन्ही पाती टोकांकडे रुंदीत आणि जाडीत हळूहळू उतरवत न्यायच्या. बांबूच्या गाठीपाशी तंतू वळण घेतात, म्हणून आतला पडदा काढताना तिथे थोडी उंचवट्याची चढण ठेवायची. एका पातळीत साफ करण्याचा मोह नवशिक्याला हटकून होतो आणि गाठीपाशीच तडा जातो. मग कामटीला सैल दोरी लावायची आणि एका उभ्या दांड्यावर मूठ टेकवून, दांड्याला पाडलेल्या खाचांत दोरी एकेक खाच खाली अडकवत जायची. चार पावलं मागे जाऊन पाहायचं. उजवी पात दुसऱ्या गाठीच्या वर कोनात मोडल्यासारखी दिसते. डावी टोकापर्यंत ताठच आहे. अशा वेळी नवखा हात वाकलेल्या जागीच जातो, तिथे काहीतरी दुरुस्त करायला. कामठ्यात दुरुस्ती नेहमी ताठ जागेची असते. जी जागा वाकते आहे तिच्यावर पेन्सिलीने फुली मारायची आणि तिला विसरायचं. जिथे वाक नाही तिथे कोयत्याची धार आडवी धरून, नाहीतर काचेच्या तुकड्याने, कागदासारखे पापुद्रे काढायचे. पुन्हा दांड्यावर. पुन्हा दोरी पंधरा-वीस वेळा हलकी ओढायची, म्हणजे काढलेल्या लाकडाचा परिणाम दिसायला लागतो. मग पुन्हा मागे जाऊन पाहायचं.

जगभरचे धनुष्य करणारे या पायरीला टिलरिंग म्हणतात. आपल्याकडे वाक बसवणं म्हटलं की सुतारालाही कळेल. शिकायचं ते मुख्यत्वे एवढंच. बाकी सगळं, लाकूड, अवजारं, दोरी, याच्या आगेमागे येतं. वाक बसवणं डोळ्याने शिकायचं असतं आणि डोळा कुणाचाही तयार होतो. सामान तोलायचा साधा आकडीचा काटा दोरीला अडकवला की किती ओढीला किती वजन पडतं हेही मोजता येतं. नवशिक्याने पंचवीस-तीस पाउंडांच्या पुढे जाऊ नये. पहिल्याच धनुष्यात पन्नास पाउंडांची हौस केली, तर लाकूड आणि खांदा दोन्ही दुखावतात. आणि बाण न लावता दोरी ओढून कधीही सोडू नये; बाणाकडे जायची ती सगळी शक्ती मग पातीतच फुटते.

तिसरा आक्षेप शिकलेल्या मंडळींकडून येतो. ते म्हणतात, बांबूबिंबू पोरखेळ आहे, खरं धनुष्य करायचं तर यू हवं, ओसेज ऑरेंज हवं, हिकरी किंवा ॲश हवं. ते इथे मिळत नाही, मागवलं तर परवडत नाही, म्हणून हा नाद सोडा. परदेशी पुस्तकांतून आणि चित्रफितींतून शिकणाऱ्यांचा हा समज पक्का असतो. तिथला पहिला धडा असतो लाकडाचं एकच वार्षिक वलय धनुष्याच्या पाठीवर टोकापासून टोकापर्यंत सलग राखण्याचा. थंड देशांत कडक हिवाळ्यात झाडाची वाढ थांबते, वलयं ठसठशीत उमटतात, तिथे हा धडा बरोबरच आहे. सह्याद्रीतल्या बऱ्याच झाडांत वलयं इतकी पुसट असतात की त्यांच्या मागे लागणारा नवशिका हताश होतो आणि दोष स्वतःला देतो. बांबू तर गवताच्या कुळातला. त्याला वलय नाहीच. निसर्गाने सालीच्या रूपाने त्याची पाठ सलग करूनच दिलेली असते. नवशिक्याला याहून मोठी सवलत कुठलं लाकूड देतं?

आणि पोरखेळ म्हणावं तर कुणाला? जपानमधल्या क्यूदो या धनुर्विद्येचं धनुष्य दोन मीटरहून उंच, बांबू आणि लाकडाच्या थरांचं. भूतानचं पारंपरिक धनुष्य बांबूचे दोन तुकडे मुठीपाशी जोडून केलेलं, आणि तिरंदाजी हा त्या देशाचा राष्ट्रीय खेळ. सातपुड्यातल्या भिल्लांचा कामठा बांबूचा असतो आणि त्याची दोरीसुद्धा बांबूच्या सालीच्या पट्टीची. एकाच झुडपातून सगळं. भारतीय तिरंदाजी संघटनेच्या स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ हा स्वतंत्र प्रकार आहे, त्यात बांबू-लाकडाच्या धनुष्याने तीस आणि पन्नास मीटरवर नेम धरतात, आणि देशातल्या कितीतरी खेळाडूंची सुरुवात त्याच धनुष्याने झाली आहे.

बांबूच्या पुढे जायचं असेल तर धामण आहे. सह्याद्रीच्या पानझडी रानातलं हे झाड. कावडीचे आणि कुऱ्हाडीचे दांडे त्याचे करतात, कारण ते लवून परत सरळ होतं. त्याऐवजी नवशिका वखारीतून साग आणतो, महाग म्हणजे उत्तम या हिशेबाने. सागाची थोरवी मावळाने पाहिलेलीच आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला बसवलेल्या सागवानी कमानी दोन हजार वर्षं जागच्या जागी आहेत. पण सागाचा गुण तोच: पाण्यापावसात आकार न बदलणं, वाळवीला दाद न देणं. धनुष्याला हवं ते लाकूड रोज शंभर वेळा खोल वाकून मूळ पदावर येणारं. टिकाऊपणा आणि लवचीकपणा हे दोन वेगळे गुण आहेत, आणि हा फरक मावळातला दांडे बसवणारा कुठलाही म्हातारा शेतकरी एका वाक्यात समजावून सांगेल.

याच ठिकाणी स्थानिक ज्ञानाची खरी किंमत कळते. बांबूचा कोंब एकाच पावसाळ्यात पुऱ्या उंचीला जातो, पण त्याचं अंग भरायला आणखी तीन-चार वर्षं लागतात. कोवळी काठी धनुष्यात घातली की बाक धरते आणि सरळ होतच नाही. बेटातली कुठली काठी किती पावसाळ्यांची आहे हे माहीतगार बघून सांगतो: कोवळीवर कोंबाची खपली आणि पांढुरकी भुकटी टिकून असते, जुनीवर दगडफुलासारखे डाग येतात, कोयत्याची मूठ आपटली की आवाज कोरडा येतो. हे पुस्तकात वाचून कळतं, पण ओळखू यायला बेटात उभं राहून कुणीतरी बोट दाखवावं लागतं.

हंगामाचंही तसंच. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हवेत नव्वद टक्के आर्द्रता असली की लाकूड आपल्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आसपास पाणी धरून ठेवतं; धनुष्याला हवं दहा-बारा टक्के. जुलैत घाटात बसून कामठा करणाऱ्याचं लाकूड कितीही उत्तम असो, ते बाक धरणारच, आणि तो बिचारा समजतो की आपल्याला जमत नाही. पौष-माघात तोडलेली काठी फोडून सावलीत वाळवायची, वाकडी असेल तर निखाऱ्यावर शेकून सरळ करायची आणि फाल्गुन-चैत्रात वाक बसवायला घ्यायची. तयार झालेलं धनुष्य पावसाळ्यात दोरी उतरवून चुलीच्या धुरावर टांगायचं. घुणा लागत नाही आणि ओलही उतरते. रिसॉर्टच्या कार्यशाळा भरतात कधी? ऐन पावसात, गर्दीच्या हंगामात.

आता पर्यावरणाचा आक्षेप. तो खोट्या मनाने घेतलेला नसतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. धनुष्यं करायला शिकवलं तर झाडं तुटतील आणि शिकार वाढेल, अशी भीती मावळातल्या निसर्गप्रेमींना वाटते. शिकारीबद्दल दुमत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे, शिकार हा गुन्हा आहे, आणि जो शिकवणारा पहिल्याच दिवशी हे बजावत नाही त्याच्याकडे पोरं पाठवू नयेत. लोहगड, विसापूर, राजमाचीच्या वाटा माणसांनी भरलेल्या असतात. म्हणून नेम फक्त मातीच्या उंच बांधापुढे लावलेल्या गवताच्या पेंढीवर. पण ज्याने एक कामठा करण्यासाठी महिनाभर काठीशी झटापट केली आहे, तो रान जास्त जपतो. त्याला कुठलं झाड काय कामाचं हे ठाऊक झालेलं असतं.

झाडतोडीची भीती मात्र बांबूच्या बाबतीत निराधार आहे. पक्व काठ्या निवडून काढल्या तर बेट मरत नाही, दर पावसाळ्यात नवे कोंब देतं. उलट दाटी झालेलं बेट आतून कुजतं. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू ‘झाड’ गणला जाई. २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू त्यातून वगळला. म्हणजे मावळातल्या शेतकऱ्याच्या बांधावरची काठी पैसे देऊन घेणं पूर्ण कायदेशीर आहे. वनातल्या बांबूचा प्रश्न वनहक्क कायद्याने, २००६ साली, गौण वनोपज म्हणून ग्रामसभेच्या हाती दिला, आणि गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना स्वतःच्या हाती घेऊन तो हक्क प्रत्यक्षात आणला. धामण मात्र झाडच आहे. तिथे मालकाच्या संमतीने छाटलेली फांदीच वापरावी, आणि झाड पाडायचं असेल तर झाडतोडीचे नियम आधी पाहून घ्यावेत. हे नियम जाचक नाहीत. शिकणाऱ्याच्या पहिल्या धड्यात ते असायला हवेत.

आता उरतो तो पैशाचा आणि मानाचा प्रश्न, आणि या सगळ्या वादाचं मूळ तिथेच आहे. धनुष्य घडवण्याची कार्यशाळा भरते तेव्हा बांबू निवडून आणणारा, तो फोडणारा आणि नवख्यांच्या हातातली बिघडलेली कामटी सावरून देणारा वाडीवरचा माणूस हजेरीवर बोलावला जाऊ नये. तो तिथला शिक्षक आहे. ‘यांना हे उपजतच येतं’ हे वाक्य खरं मानलं की त्याला शिक्षकाचा दर देण्याची गरजच उरत नाही. म्हणून हे वाक्य इतकं सोयीचं आहे, आणि म्हणून ते खोडून काढायला हवं. २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. टोपल्या, चटया आणि झाडू करणारे त्यात आहेत, मासेमारीचं जाळं विणणारे आहेत, शस्त्रं घडवणारेही आहेत. तीरकामठा करणाऱ्याचं स्वतंत्र नाव कुठेच नाही. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, पुणे जिल्ह्यातल्या आदिवासींसाठी घोडेगावला प्रकल्प कार्यालय आहे. या दोन दारांच्या मध्ये मावळातले जे मोजके म्हातारे अजून कामठा करतात, त्यांची नावनिशीवार नोंद व्हावी, आश्रमशाळेतल्या मुलांना त्यांच्या हाताखाली बसता यावं, आणि शहरातून येणाऱ्या हौशी माणसानेही त्यांच्याकडेच, त्यांच्या अंगणात शिकावं.

हे करायचं तर वेळापत्रक वीटभट्टीचं पाहून आखावं लागेल. भट्टीची उचल पावसाळ्यात मिळते, घरातला दाणा संपलेला असतो तेव्हा. ती घेतली की दिवाळीनंतर माणूस भट्टीवर गेलाच. म्हणून शिकवण्याच्या मानधनाचा पहिला हप्ता श्रावण-भाद्रपदातच, उचलीच्या आधी त्याच्या हातात पडायला हवा, आणि तो निदान त्या उचलीइतका असायला हवा. तरच माघ महिन्यात तो आपल्या वाडीवर असेल, आणि नातू त्याच्या शेजारी.